रंगोबाने जाड तारा चढवल्या

एका जंगलात एक ऑर्केस्ट्रा होता. हसू नका बाळांनो. जिथे राजाचा वाढदिवस असतो, तिथे ऑर्केस्ट्रा असतोच.

या ऑर्केस्ट्रात रंगोबा नावाचं एक उदमांजर बेस गिटार वाजवायचं. बेस गिटार म्हणजे खर्जात घुमणारी, चार तारांची. ती वाजत असते तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. थांबली की सगळे म्हणतात, काहीतरी बिघडलं बुवा.

रंगोबाची बोटं लहान. म्हणून त्याने बोटांना झेपतील अशा, जरा बारीक तारा लावल्या होत्या. त्याने स्वतः बांधलेली एक चाल होती. मोहाची फुलं टपटपावीत तशी ती वरून खाली उतरायची. ती वाजवली की रंगोबाला आपण जन्माला आलो ते बरं झालं असं वाटायचं. त्याची बायको यमुनाबाई त्याच ठेक्यावर भाकऱ्या थापायच्या.

मग सिंहमहाराजांचा वाढदिवस जवळ आला. झाडाझाडावर फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर काळा चष्मा लावलेले महाराज एका पाडसाला कुरवाळत होते. ते पाडस नंतर कुणाला दिसलं नाही, पण आपली गोष्ट तारांची आहे.

ऑर्केस्ट्राचा मॅनेजर कोल्हा तालमीला आला. सोबत दरबारी अस्वल भिकाजीराव होते.

"रंगोबा, मागच्या वाढदिवसाला महाराजांच्या छातीत हादरा बसला नाही," कोल्हा म्हणाला. "यंदा बसला पाहिजे."

"अहो, हादरा स्पीकरमधून येतो. आवाज वाढवा की."

"स्पीकर महाराजांच्या मेव्हण्याचे आहेत. त्यांना नावं ठेवायची नाहीत. दोष तुझ्या तारांत आहे, असं दरबारात ठरलंय."

भिकाजीरावांनी एक तार नखाने उचलून पाहिली. "ह्या तारा आहेत का शेवया? आमच्यासारख्याने मनगटाएवढी तार लावली असती!"

भिकाजीरावांनी जन्मात गिटार हातात धरली नव्हती. त्यामुळे त्यांचं मत अगदी ठाम होतं.

"पण साहेब, माझी बोटं..."

"बोटांचं काय घेऊन बसलास?" कोल्हा म्हणाला. "जमत नसेल तर तसं सांग. माझा भाचा रिकामाच आहे."

गिटार ऑर्केस्ट्राची होती. जागा गेली तर गिटार गेली, आणि गिटार गेली तर ती मोहाच्या फुलांची चालही गेली. रंगोबाने मान डोलावली.

जंगलात मिळतील तेवढ्या जाड तारा त्याने आणल्या. त्या गिटारच्या खाचांत बसेनात, म्हणून कानशीने खाचा रुंद केल्या. पिळून ताणल्या तशी गिटारची मानच वाकली. तारा बोटांखालच्या पट्टीपासून इतक्या वर उचलल्या गेल्या की खालून एखादा उंदीर ताठ मानेने चालत गेला असता. त्या दाबता दाबता रंगोबाची बोटं टरारून सुजली.

"हळद बोटांना लावू की अकलेला?" यमुनाबाई म्हणाल्या. "तार वाजवणाऱ्याच्या बोटाच्या मापाने घ्यायची, का ऐकणाऱ्याच्या छातीच्या?"

"नोकरी छातीच्या मापाची आहे गं," रंगोबा म्हणाला.

वाढदिवस उजाडला. कोकिळेने गाणं सुरू केलं. रंगोबाला एकही तार दाबता येईना. मग त्याने डोळे मिटले आणि सगळ्यात जाड तार तशीच, न दाबता छेडली.

ढंम्म!

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ढंम्म! कोकिळा एका गावाला, गिटार दुसऱ्याच. पण कोल्हा मुरलेला होता. त्याने स्पीकरच्या आवाजाची कळ गुपचूप शेवटपर्यंत पिळून ठेवली होती.

महाराज उठून उभे राहिले. आता आपला फराळ होणार, असं धरून रंगोबा मनातल्या मनात यमुनाबाईंचा निरोप घेऊ लागला.

"वा!" महाराज छातीवर पंजा ठेवून म्हणाले. "इथे बसला! काय त्या तारा!"

लगेच टाळ्या झाल्या. शाल आली, नारळ आला. संगीतातलं कळणाऱ्या घुबडाने भाषण केलं की दोन ढंम्ममधली शांतता हेच खरं संगीत. "मी म्हणालोच होतो," असं भिकाजीराव भेटेल त्याला सांगत सुटले. आणि रंगोबाच्या शेजारच्या सशाने 'रंगोबा घराण्या'चे वर्गसुद्धा काढले. तिथे तार दाबणाऱ्याला बाहेर उभं करत.

रंगोबाला कशाची ददात उरली नाही. फक्त चालीची आठवण यायची. एका दुपारी त्याला राहवेना. त्याने दार लावलं, जाड तारा उतरवल्या, जुन्या बारीक तारा चढवल्या. गिटारची मान वाकडी झालेली, तार मध्येच करकरायची. तरी फुलं टपटप उतरू लागली. चुलीपाशी यमुनाबाईंचा हात थांबला. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते धुराचं नव्हतं.

इतक्यात कुंपणापलीकडून ससा ओरडला, "कोण शिकाऊ आलाय हो तुमच्याकडे? किती ते स्वर! एवढे स्वर वाजवतात का कुठे? माझ्या वर्गात पाठवा त्याला. आधी बोटं सुजवून देतो, म्हणजे तार दाबायचं नाव काढणार नाही."

रंगोबाने आतूनच आवाज बदलून विचारलं, "रंगोबा स्वतः असं कधी वाजवत नाहीत का हो?"

"छे! त्यांना कशाला वाजवावं लागतंय? ते मोठे कलावंत आहेत."

रंगोबाने बारीक तारा सोडवल्या, गुंडाळून कोनाड्यात ठेवल्या आणि जाड तारा पुन्हा चढवायला घेतल्या. यमुनाबाईंनी हळदीचा डबा पुढे सरकवला.

तात्पर्य: बाळांनो, तार नेहमी आपल्याला न झेपणारी निवडावी. झेपणारी लावली तर जन्मभर वाजवत बसावं लागतं. न झेपणारी लावली की घराणं निघतं.