आबांच्या घराचे दोन समुद्र

लोणावळ्यात भाड्याची खोली शोधत मी खंडूआबांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगारही विचारला नाही. म्हशीच्या पाठीवरचा हात न काढता त्यांनी एवढंच विचारलं, "तुमी कुठल्या पाण्याचे?"

मला वाटलं, सोवळ्याओवळ्याचा काही प्रकार असावा. मी म्हटलं, "मी वाईचा. इथल्या मराठी शाळेत मास्तर म्हणून आलोय."

"वाई म्हंजे कृष्णा. पूर्वेचं पाणी." आबांचा चेहरा एकदम सैल झाला. "या की मग. पूर्वेची खोली तुमची. भाड्याचं मागनं बघू."

माझ्या आधी अलिबागचा एक कारकून येऊन गेला होता, असं नंतर कळलं. त्याला आबांनी पश्चिमेची खोली दाखवली, आणि ती गळते हेही आपण होऊन सांगितलं. तो बिचारा चहासुद्धा न घेता परत गेला.

हा काय प्रकार आहे ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं. आबांनी मला शिडीवरून थेट छपरावर चढवलं. लोणावळ्याहून खंडाळ्याकडे जाताना घाटाच्या ऐन धारेवर त्यांचं घर. वर मंगलोरी कौलं, मधोमध आढं आणि दोन्ही अंगांना पत्र्याच्या पन्हळी. साठी उलटलेला हा माणूस आढ्यावर घोड्यावर बसावं तसा बसला आणि हातातला तांब्या त्यानं आढ्यावर उपडा केला. निम्मं पाणी एका अंगाला गेलं, निम्मं दुसऱ्या.

"ह्ये गेलं ते घाटाखाली, कोकणात, आन तितनं मुंबैच्या समुद्रात," आबा म्हणाले. "आन ह्ये गेलं इंद्रायणीत. इंद्रायणीतनं भीमेत, भीमेतनं कृष्णेत, आन कृष्णेतनं पार बंगालच्या समुद्रात. लाटसाहेबाच्या बंगल्याला एकच समुद्र हाय, मास्तर. माझ्या घराला दोन हायेत."

भूगोलाच्या पुस्तकात याला जलविभाजक म्हणतात. हा शब्द मी पोरांकडून पाठ करून घेत असे, पण त्यावर बसायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. तरी मास्तरकी कुठं गप्प बसते? मी म्हटलं, "पण आबा, तुमची भीमा कृष्णेला मिळते ती आमच्या वाईच्या कितीतरी खाली. तुमचं पाणी वाईला येतच नाही."

"फुडं भेटतंय नव्हं? नातं फुडनं बी लागतं," आबा म्हणाले, आणि विषय संपला.

आबांचा धंदा दुधाचा. मुंबईच्या शेठलोकांच्या बंगल्यांवर रतीब घालायचे. एकदा एका शेठाणीनं दुधात पाणी असल्याची तक्रार केली. आबा जराही डगमगले नाहीत. "असंल तर पूर्वेचं असंल, बाई. पश्चिमेचं पाणी मी दुधाला लावत न्हाई," असं सांगून ते पुढच्या बंगल्याकडे चालू लागले. शेठाणीला वाटलं, पूर्वेचं म्हणजे काहीतरी औषधी असावं. तिनं रतीब वाढवला.

त्यांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती होत्या. पश्चिमेचं पाणी सकाळी घाट उतरलं की संध्याकाळी समुद्रात. तशीच ती माणसं. घाईची, तापट, बोलणं तोडून टाकणारी. पूर्वेचं पाणी गावोगावी थांबत, सगळ्यांची विचारपूस करत, शेतं भिजवत जाणार. त्या माणसांना कुठंही पोचायला उशीर व्हायचाच. आमचे हेडमास्तर पश्चिमेचे, कारण ते घंटेआधी वर्गात यायचे. मी पूर्वेचा, कारण मी यायचो नाही. आमच्या पुस्तकातही डोंगरातले लोक काटक आणि सपाटीवरचे लोक सुखवस्तू असलं काहीबाही लिहिलेलं होतंच, त्यामुळे मी फार वाद घातला नाही.

फक्त कासमभाईंपुढे आबांचं शास्त्र अडायचं. कासमभाई मूळ कामशेतचे, लोणावळ्याच्या बाजारात तांदळाचं दुकान, आणि आबांचे लंगोटीयार. ते कधी घाई करत आणि कधी दोन-दोन तास गप्पा छाटत बसत. आबांनी शेवटी निकाल दिला, "कासम आढ्यावरचा थेंब हाय. त्याचं अजून ठरलं न्हाई."

"देवानं ह्याला डोकं दिलं, आन ह्यानं त्याच्यावर कौलं घातली," कासमभाई म्हणत.

आबा माझ्या वर्गातही येऊन बसत. दुधाची रिकामी चरवी दाराशी ठेवून मागच्या बाकावर बसायचे आणि पोरांआधी हात वर करायचे. पृथ्वी गोल आहे हे त्यांनी मान्य केलं. "पर गोल हाय तर पाणी सांडत कसं न्हाई?" मी गुरुत्वाकर्षण समजावलं. माझी दहा मिनिटं गेली, दोन खडू मोडले. आबा म्हणाले, "म्हंजे ओढ. मग तसं सांगा की पोरांना. ओढ कुनाला बी कळती."

एकदा मी हिंदुस्थानचा नवा नकाशा भिंतीवर लावला. आबा जवळ आले आणि त्यांनी लोणावळा कुठं आहे ते विचारलं. नकाशात लोणावळा नव्हतं. दोन समुद्र असलेलं घर ज्या नकाशात नाही तो नकाशा काय कामाचा, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग विचारलं, "बेझवाडा हाय का?" मी कृष्णेच्या मुखाजवळचा ठिपका दाखवला. आबांनी त्यावर बोट ठेवलं. मी पोरांना पिकं सांगितली, खनिजं सांगितली, घंटा झाली, तरी बोट तिथंच होतं. पुढं पुढं ते रोज जाताना तिथं बोट टेकवून जाऊ लागले. दुधातुपाचा हात. महिनाभरात बेझवाड्याभोवती चांगला रुपयाएवढा तेलकट डाग पडला. तपासणीला आलेल्या साहेबांनी काठी लावून विचारलं, "हे काय आहे?" पहिल्या बाकावरून उत्तर आलं, "आबांचं तळं." साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. मलाही तेव्हा तो सुचला नाही.

आता धरणाचं सांगायला हवं. आबांच्या पूर्वेच्या पागोळ्यांचं पाणी ओढ्यानं खाली जातं, आणि तिथं धरण झालेलं. ते अडवलेलं पाणी मोठाल्या नळांतून उलटं कोकणात सोडतात आणि त्यावर मुंबईसाठी वीज करतात. म्हणजे पूर्वेला निघालेलं आबांचं पाणी पश्चिमेच्या समुद्रात. घराचा एक समुद्र गेला असं कुणी म्हटलं की आबा शांतपणे म्हणायचे, "सांडवा हाय की." धरण तुडुंब भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यावरून पलीकडे पडतं आणि इंद्रायणीच्या वाटेला लागतं. दर साल श्रावणात हे घडायचं. त्या दिवशी आबा धुवट धोतर नेसून, फेटा बांधून बाजारभर साखर वाटत. लोक साखर घेत आणि पाठ वळली की हसत.

मी आलो त्याच्या तिसऱ्या वर्षी पावसानं ओढ दिली. आषाढ रडतखडत गेला, श्रावण नुसता ऊनसावलीचा. धरण भरेना. आबांनी त्या वर्षी सगळ्या गावाला सळो की पळो करून सोडलं. आपल्या म्हशी ते धरणाच्या काठी पाजायचे, त्या आता लांबचा वळसा घालून पश्चिमेच्या ओढ्यावर नेऊ लागले. "येकेक म्हस केवढं पिती, ठाव हाय का?" बंगल्यांच्या माळ्यांशी भांडले, की फुलझाडांना एवढं पाणी कशाला. मला आंघोळीला पश्चिमेच्या अंगाच्या पिंपातलं पाणी घ्यायचा हुकूम झाला. मी ते मुकाट्यानं घेत होतो, कारण भाड्याचं अजून मागनंच बघायचं होतं.

रोज सकाळी रतीब संपला की धरणावर. तिथला पहारेकरी त्यांना लांबून पाहिल्यावरच मान हलवायचा. नागपंचमी गेली, राखीपौर्णिमा गेली. आबांचं जेवण कमी झालं. वर्गात येऊन बसत, पण हात वर करत नसत. पोरांनी मला विचारलं, आबा आजारी आहेत का म्हणून.

मी कासमभाईंच्या दुकानात गेलो आणि जरा चिडूनच म्हटलं, "एका सांडव्यावाचून यांचं एवढं काय अडलंय? घराची ऐट ती किती सांभाळायची?"

कासमभाईंनी तराजू खाली ठेवला. "ऐट न्हवं ती, मास्तर. तुमी ऱ्हाता ती खोली कुणाची, ठाव हाय? चंद्रीची. आबाची येकुलती लेक. माय लहानपणीच गेली, ह्यानंच वाडवली. जावई आमच्या कामशेतचाच, म्हनून हरखून दिली. पर रेल्वेचा मानूस. पुन्याहून मिरजंला बदली, मिरजंहून हुबळीला, आन हुबळीहून थेट बेझवाड्याला. तितलं बोलनं कळंना, खानं रुचंना. जाताना लय रडली पोर. तवा सांडवा सुटला हुता. ह्यानं तिला तितं नेऊन दावलं. म्हनला, रडू नगं, ह्ये माहेरचं पाणी तुज्या दारावरनंच जानार हाय, दर श्रावनात धाडतो. तवापासनं यायला जमलं न्हाई तिला. पोरंबाळं, नवऱ्याची रजा, लांबचा पल्ला. पर पाणी गेलं न्हाई, असं येक साल न्हाई."

मी दुकानातून बाहेर पडलो तो थेट घरी आलो. माझ्या खोलीच्या पूर्वेच्या दाराला लागून पन्हळ होती. तिच्याखाली रोज एक तांब्याची कळशी ठेवलेली असायची. तिला पाय लागतो म्हणून मी कितीदा कुरकुरलो होतो.

भाद्रपद लागला तेव्हा पहारेकऱ्यानं सांगून टाकलं की यंदा सांडवा सुटत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी धुवट धोतर नेसलं, फेटा बांधला, पन्हळीखालची भरलेली कळशी खांद्यावर घेतली आणि निघाले. मी मागोमाग गेलो. धरणाला वळसा घालून, भिंतीच्या पलीकडच्या दगडधोंड्यांतून ते खाली उतरले. तिथं नदी कसली, बोटभर धार वाहत होती. आबांनी कळशी हळूहळू तिच्यात ओतली, तळाशी थेंबही राहू दिला नाही.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत या माणसानं मला पुष्कळ सांगितलं होतं, खोडून काढलं होतं. खरोखरच माहीत नाही म्हणून काही विचारलं ते त्या दिवशी.

"मास्तर, पोचंल नव्हं?"

मी भूगोलाचा मास्तर. त्या कळशीचं काय होणार ते मला पाठ होतं. निम्मं वाळूत जिरणार, उरलेलं उन्हानं उडणार, देहूपर्यंत जाणं मुश्कील. मी म्हटलं, "उतार तिकडंच आहे, आबा. पाण्याला दुसरीकडं जायला वाटच नाही." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आबांनी मान डोलावली. कळशी पालथी घालून तिच्याशेजारी बसले. "आन तिकडनं हिकडं? तिकडनं हिकडं यायला कायच सोय केली न्हाई का देवानं?"

"केलीय की. वरून केलीय." मी त्यांच्याजवळ बसलो. "नद्यांचं पाणी समुद्रात जातं, त्याची वाफ होते, तिचे ढग होतात. जूनचा पाऊस येतो पश्चिमेकडून. पण आश्विनातला परतीचा पाऊस बंगालच्या उपसागरावरून निघतो. तो पूर्वेकडून येतो."

"बेझवाड्याकडनं?"

"त्याच अंगानं."

"ह्ये पुस्तकात हाय?"

"आहे. चौथीच्या."

"मग खरं असंल," आबा म्हणाले. माझ्या पुस्तकावर त्यांनी ठेवलेला तो पहिलाच विश्वास.

आश्विनातली गोष्ट. शाळेतला नकाशा डाग पुसायला म्हणून मी घरी आणून ठेवला होता आणि अजून पुसला नव्हता. दुपारी शाळेतून परतत होतो, तर कार्ल्याच्या डोंगरामागून ढग काळेभोर होऊन चढत होते. वारा उलटा, पूर्वेचा. मी धावतपळत घर गाठलं, कारण माझ्या खोलीचं पूर्वेचं दार उघडं राहिलं होतं.

दारात आबा उभे होते. तेच धुवट धोतर, तोच फेटा. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. सासरहून लेक आली की तिला दारातच थांबवतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात आणि मगच आत घेतात. हे काम घरातल्या बाईमाणसाचं. आबांच्या घरात बाईमाणूस नव्हतं.

अंगणाच्या टोकाला सर आली. आबा एक पाऊल पुढं झाले. त्यांनी तुकडा तीनदा ओवाळला, लांब फेकून दिला आणि उंबऱ्याबाहेर, जिथं थेंब पडू लागले होते तिथं, तांब्यातलं पाणी घातलं. हात कुठंच चुकला नाही. मग ते बाजूला सरले आणि मलाही हातानं बाजूला केलं.

"वाट सोडा, मास्तर," ते म्हणाले. "दमून आली असंल. आत येऊ द्या तिला."

पाऊस सरळ खोलीत शिरला. माझं अंथरूण भिजलं, सहामाहीच्या उत्तरांचे कागद भिजले, कोपऱ्यातला हिंदुस्थान गुंडाळीसकट भिजला. मी दार लावून घेतलं नाही.