करवंटीचा शेवटचा तुकडा

गेल्या रविवारी दुपारी चार वाजता, पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावात मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना नारळाच्या करवंटीच्या एका तुकड्यासाठी वीस मिनिटं थांबला. थांबवणारा भगवान अण्णा. आमच्या मुलींच्या संघाचा प्रशिक्षक. वय त्रेपन्न, धंदा पिठाची गिरणी, डावा गुडघा वाकत नाही.

नारळ फोडायला अण्णाने मैदानाबाहेर दगड मांडून ठेवला होता. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी तो नेमका मध्यरेषेवर फोडला. अण्णा डावा पाय लांब करून मातीत बसला आणि सापडतील ते तुकडे जोडत गेला. अख्खी करवंटी झाली, नखाएवढी फट राहिली.

"साहेब, चप्पल उचला जरा."

"माझी?"

"तुमचीच. पोरी अनवाणी हायेत."

तुकडा चपलेच्या तळाला रुतलेला निघाला. अण्णाने तो फटीत बसवून पाहिला, मगच पंचाकडे बघून मान हलवली.

मी तालुक्याचा बातमीदार. अण्णाचा मला हेवा वाटतो, हे आधीच नोंदवतो.

मैदानाची माती तो चाळणीने चाळतो. बायका विचारतात, "अण्णा, आमच्या पिठात मैदान तर येत न्हाई ना?" तो सांगतो, "चाळणी दुसरी हाय, बाई." सामन्याआधी मुली रांगेत उभ्या राहून त्याच्यापुढे हात धरतात. तो नखं कापतो. कानातलं, अंगठ्या, गंडेदोरे, सगळं बिस्किटाच्या डब्यात जमा होतं. माझी मुलगी पूजा संघाची मुख्य चढाईपटू. मी घेतलेली नाकातली चमकी तिने मामाच्या लग्नात मी सांगूनही काढली नव्हती. अण्णाच्या डब्यात ती दर सामन्याला पडते. घरी मी सांगितलं की ती "बरं" म्हणते आणि विसरते. अण्णाचं वाक्य मात्र तिला पाठ आहे : "डाव परत मिळंल, गुडघा न्हाई मिळायचा." जेवताना ती ते मलाच ऐकवते.

रविवारी मुली अंग मोकळं करत होत्या. अण्णाने पूजाला हाक मारली.

"पोरी, हिकडून तिकडं पळ बरं."

ती पळाली.

"आता उलटं."

ती दुसऱ्याच पावलाला थांबली.

"कधीपासून दुखतंय?"

"बुधवारपासून."

बुधवारी मी दिवसभर घरी होतो. तीन वेळा आम्ही एका ताटाशी बसलो होतो.

"मला कावून न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी म्हणले असते, खेळ."

अण्णाने तिची जर्सी दुसऱ्या मुलीला दिली. पूजा रडली, पण त्याच्याच शेजारी जाऊन बसली. त्याने तिच्या गुडघ्यावर बर्फाचा फडका धरला. मी पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. बाटली कुणी मागितली नाही.

शेवटची दोन मिनिटं उरली, तेव्हा आमचा संघ एका गुणाने मागे होता. लोक अण्णाच्या नावाने ओरडू लागले. "गिरणीवाल्या, पोरगी सोड की बे!" मीही त्याच्याजवळ गेलो.

"भगवान, एकच चढाई करू दे तिला. एकच."

दिवसभरात त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तू जा. बातमी लिही," तो म्हणाला. फडका त्याने काढला नाही.

आम्ही दोन गुणांनी हरलो. मंडप रिकामा झाला, तरी अण्णा डबा उघडून ज्याची त्याची वस्तू परत देत होता. चमकी त्याने आधी स्वतःच्या सदऱ्याला पुसली, मग पूजाच्या तळहातावर ठेवली.

"अण्णा, तुमचा पाय कशानं गेला?" तिने विचारलं.

"बैल उधळला. गाडीवरून पडलो."

"लई दुखलं असंल."

"आता काय त्याचं."

सोमवारी बीडच्या डॉक्टरांनी पूजाला तपासलं. गुडघ्यातला स्नायुबंध ताणला आहे, तुटलेला नाही. सहा आठवडे विश्रांती, मग खेळता येईल.

अण्णाच्या घरी बैलगाडी कधीच नव्हती. तो आमच्या गावच्या संघात चढाई करायचा. तालुक्याच्या उपांत्य सामन्यात त्याचा डावा गुडघा सुजलेला होता आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. "एकच चढाई," असं कर्णधार त्याला म्हणाला. तो गेला, गुण घेऊन आला आणि रेषेवर पडला.

कर्णधार मी होतो.