न चाखलेली कटाची आमटी

"पुरण चावून खायचं असतं, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं हो, मीनाक्षी!"

गेल्या वर्षी गौरीच्या जेवणाला वासंतीकाकू एवढंच म्हणाल्या आणि हसत हसत हात धुवायला उठल्या. पण वासंतीकाकू म्हणजे कोणी साधी बाई नव्हे. यजमानांच्या रेल्वेच्या नोकरीपायी चाळीस वर्षांपूर्वी गार्डन रीचला आल्या त्या तिथेच राहिल्या. कोलकात्यातल्या तमाम मराठी घरांतल्या पुरणपोळ्यांना पास-नापास करण्याचं काम त्यांनी स्वतःहून पत्करलं होतं. त्यांचं ते वाक्य संध्याकाळपर्यंत गार्डन रीचहून फोर्ट विल्यमपर्यंत पोचलं आणि दुसऱ्या दिवशी एका कर्नलच्या बायकोने मीनाक्षीला फोन करून सांत्वनही केलं. सांत्वन! मीनाक्षी वर्षभर ते विसरली नाही.

दोष तिचा नव्हताच मुळी. सॉल्ट लेकच्या त्यांच्या इमारतीत बोअरिंगचं पाणी, आणि ते इतकं जड की विचारू नका. नळांच्या तोंडाला पांढरी पुटं, बादल्यांवर पांढरे थर, गीझर घुरघुरतोय, साबणाला फेस म्हणून नाही. हरभऱ्याची डाळ तर कुकरच्या नऊ शिट्ट्या ऐकूनही जशीच्या तशी! शेजारच्या बंगाली वहिनींना, शुभ्राबौदींना, या दुःखाचा पत्ताच नव्हता, कारण त्यांची मसूर डाळ कुठल्याही पाण्यात मुकाट्याने शिजायची.

"आई, डाळ शिजला नाही," असं ऋचा दर रविवारी जाहीर करायची. तेरा वर्षांची ही मुलगी कोलकात्यातच वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत डाळ कायमचा पुल्लिंगी झाला होता.

"यंदा माझं पुरण मऊ झालं नाही ना," मीनाक्षी श्रावणातच नवऱ्याला म्हणाली, "तर पुढच्या वर्षीपासून गौरींना पिझ्झा."

नवरा, गुरुदत्त सरपोतदार, सरकारी बँकेतला अधिकारी. तो घाबरला. गौरी यायच्या आठ दिवस आधी बाल्कनीत वॉटर सॉफ्टनर बसला. माणसाच्या छातीएवढी एक उभी टाकी, तिच्या डोक्यावर एक खटका, आणि शेजारी मिठाच्या पाण्याचं पिंप.

यंत्र कसं चालतं हे समजून घेतल्यावर गुरुदत्तला गप्प बसवणं कठीण झालं. लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्यासमोर, सगळीकडे त्याचं व्याख्यान एकच. "हे बघा, टाकीत बारीक मणी असतात. मणी म्हणजे आपली शेअरची ऑटो. तिच्यात आधीपासून बसलाय सोडियम. किरकोळ अंगाचा, गरीब. पाणी आलं की त्यातला कॅल्शियम आत घुसतो. हा आडदांड! हा एकटा बसला की दोन सोडियम खाली उतरलेच. मॅग्नेशियमही त्याचाच भाऊ. दोघं ऑटोतच अडकले, की पाणी पुढे मऊ होऊन जातं."

"आणि सगळ्या ऑटो भरल्या की?" ऋचाने विचारलं.

"मग मिठाचं पाणी सोडायचं! म्हणजे सोडियमचा मोर्चाच. एवढी गर्दी झाल्यावर कॅल्शियमची काय बिशाद! सगळे आडदांड बाहेर, गटारात. मग अर्धा तास साध्या पाण्याने मणी धुवायचे, म्हणजे उरलेलं मीठ निघून जातं. की झाल्या ऑटो पुन्हा तयार."

हे व्याख्यान गुरुदत्तच्या आईनेही ऐकलं. त्या सणासाठी साताऱ्याहून आल्या होत्या. पण त्यांचं लक्ष मण्यांकडे नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर लेकाने मिठाचं अख्खं पोतं पिंपात रिकामं केलं होतं.

"अरे, एवढं मीठ त्याच्या पोटात?"

"हो आई. त्याशिवाय पाणी मऊ कसं होणार?"

"बरं," आई म्हणाल्या आणि स्वयंपाकाला लागल्या.

यंत्राने मात्र कमाल केली. साबणाला असा फेस आला की ऋचाला न्हाणीघरातून हाका मारून बाहेर काढावं लागे. मीनाक्षीचे केस काथ्याचे पुन्हा केस झाले. स्टीलच्या पेल्यांवरचे डाग गेले, गीझर गप्प झाला, वरणाची डाळ चार शिट्ट्यांत लोण्यासारखी. फक्त एक गोष्ट खटकायची. मीनाक्षी सेक्टर फाइव्हमधल्या कंपनीत जायची, म्हणून स्वयंपाक आई करत होत्या, आणि रोजचं जेवण अगदी अळणी लागत होतं.

"मऊ पाण्यात चव जरा सौम्य उतरते," गुरुदत्तने शास्त्रीय कारण दिलं. आई दोन वर्षांनी आलेल्या, त्यांना कोण बोलणार? तिघंही त्यांची पाठ वळली की ताटाखाली लपवलेल्या डबीतून मीठ घेत.

गौरी जेवायचा दिवस उजाडला. मीनाक्षी आणि आई सोवळ्यात. सोवळं म्हणजे कडक. फोनला हात नाही, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत जिभेवर कणसुद्धा नाही. पुरण गोड झालंय का, आमटीत मीठ पडलंय का, सगळं नजरेच्या आणि हाताच्या भरवशावर. बाराला नैवेद्य, साडेबाराला पंगत, पंगतीला वासंतीकाकूंसह एकवीस माणसं.

आठ वाजता ऋचाने नळाचं पाणी छोट्या बाटलीत घेऊन त्यात कंपनीने दिलेल्या औषधाचे थेंब टाकले. निळं झालं तर मऊ, गुलाबी झालं तर जड. पाणी झालं चक्क गुलाबी.

"बाबा! ऑटो सगळ्या भरल्या!"

सणाची धुणीभांडी, पाहुण्यांच्या अंघोळी, आणि ऋचाचा तो फेस. सगळ्या ऑटो कॅल्शियमने गच्च! मीनाक्षीने भरायला घेतलेलं पातेलं खाली ठेवलं. "अहो, काही करा! डाळ अजून शिजायला घालायचीय."

गुरुदत्तने खटका फिरवला आणि मिठाचं पाणी सोडलं. ते संपून धुणं सुरू व्हायला नऊ वाजले. पाच मिनिटं झाली न झाली, तोच दाराची घंटा वाजली.

दारात वासंतीकाकू. साडेतीन तास आधी!

"म्हटलं, मदत करावी," असं म्हणत त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या. "चालू दे हो तुझं. मी नुसती बघते."

परीक्षक समोर, डाळ कोरडी, आणि यंत्राचं धुणं चालू तोवर नळाला पाणी नाही. मीनाक्षी आतून ओरडली, "पाणी सोडा आधी! आणि विड्याची पानं कुठायत? पानंच आणली नाहीत तुम्ही! जा, करुणामयीच्या बाजारात पळा!"

गुरुदत्तने खटका फिरवून पाणी सोडलं, पिशवी उचलली आणि पळाला. यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? तुमच्या-आमच्या घरात गौरीच्या दिवशी असं ओरडलं असतं तर आपणही पळालोच असतो.

पानं घेऊन तो परतीच्या ऑटोत बसला. पुढच्या थांब्यावर एक धिप्पाड गृहस्थ मागच्या सीटवर शिरले, आणि कोपऱ्यात बसलेली दोन हडकुळी कॉलेजची पोरं "नाहीच मावत आम्ही" म्हणून उतरून गेली. गुरुदत्त त्या गृहस्थांकडे बघतच राहिला. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धुणं अर्धा तास करायचं होतं. केलं पाच मिनिटं. म्हणजे टाकीतलं उरलेलं सगळं मीठ आता स्वयंपाकघराच्या नळाला येणार! त्याच पाण्यात डाळ, त्याच डाळीच्या कटाची आमटी, आणि त्यावर पुन्हा नेहमीचं मीठ. आणि चाखणार कोणी नाही.

"मेलो!" तो मोठ्याने म्हणाला. धिप्पाड गृहस्थ अंग चोरून बसले.

त्याने मीनाक्षीला फोन लावला. सोवळ्यात ती फोन घेणार नव्हतीच. फोन उचलला वासंतीकाकूंनी.

"काकू, जरा मीनाक्षीला सांगता का, आमटीत मीठ अजिबात घालू नको म्हणावं."

"का रे?"

आता काय सांगणार? खरं सांगावं तर गार्डन रीचपासून फोर्ट विल्यमपर्यंत मीनाक्षीची पुन्हा वरात. "डॉक्टरांनी… मला… रक्तदाब…"

"सणाच्या दिवशी कसला रक्तदाब! पुरुषांनी आमटीत लक्ष घालू नये. पानं मिळाली ना? ये मग लवकर." फोन बंद. निरोप अर्थातच आत गेला नाही.

रस्त्यात कसलीशी मिरवणूक निघाली होती. ऑटो तासभर जागची हलली नाही. गुरुदत्त उतरून चालत, मग धावत सुटला. घामाघूम होऊन तो घरी पोचला तेव्हा आरती चालू होती. पानं ठेवली, नैवेद्य झाला, पंगत बसली. मधे त्याने बाल्कनीत जाऊन यंत्र धुवायला लावलं खरं, पण आता त्याचा काय उपयोग?

वाढताना त्याने मीनाक्षीला दाराआड गाठलं. "अगं, पाण्यातच मीठ आहे! तू आमटीत किती घातलंस?"

मीनाक्षी पांढरीफटक पडली. "आमटी आईंनी केली."

दोघांनी पंगतीकडे पाहिलं. वासंतीकाकूंच्या ताटात पुरणपोळी होती. त्यांनी तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले. मीनाक्षीने गुरुदत्तचं मनगट इतकं दाबलं की नखं रुतली.

"मीनाक्षी," डोळे न उघडता काकू म्हणाल्या, "पुरणात मिठाची कणी घातलीस?"

मीनाक्षी गुरुदत्तच्या पाठीआड सरकली.

"माझी आई घालायची. गोडाला उठाव येतो. हल्ली कुणाला माहीतच नाही हो हे! आणि मऊ किती! गिळायच्या आधीच विरघळलं." मग त्यांनी आमटीची वाटी तोंडाला लावली. रिकामी करूनच खाली ठेवली आणि पुढे सरकवली. "वाढ अजून!"

तीन वाट्या प्यायल्या काकू. पंगतीत आमटी पुन्हा पुन्हा फिरली आणि पातेल्याचा तळ दिसला. मीनाक्षीचे डोळे भरून आले, आणि तिने ते पदराने न लपवता खुशाल पुसले. गुरुदत्तला मात्र हिशेब लागेना. तो आईशेजारी वाकला. "आई, आमटीत मीठ किती घातलंस?"

"मीठ?" आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी कशाला घालू? तुझं यंत्र घालतंय ना! पोतंभर ओतलंस माझ्यादेखत. मी आठ दिवसांत चिमूटभर मीठ वापरलेलं नाही. आधी जरा कमी पडत होतं, पण मशीन नवं आहे, शिकेल म्हटलं. आज बघ कसं बरोब्बर घातलंन!"

वासंतीकाकू हात न धुताच उठल्या. "गुरुदत्त, मलाही हेच यंत्र हवं. उद्याच माणूस पाठव. आणि त्याला बजाव, मीठ अगदी हेच राहू दे म्हणावं, कमी नको की जास्त नको."

संध्याकाळी कर्नलच्या बायकोचा फोन आला. या वेळी सांत्वनाचा नव्हता, पुरणाची कृती विचारायचा होता. मीनाक्षीने ती दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा तर न विचारताच.

दुसऱ्या दिवशी गौरींचं विसर्जन झालं आणि सगळे जेवायला बसले. आईंनी वरणभाताचा पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगं बाई! आज मीठच नाही. गुरु, बिघडलं रे तुझं यंत्र!"

गुरुदत्तने व्याख्यानासाठी घसा साफ केला. मीनाक्षीने त्याला डोळ्यांनीच दटावलं, ताटाखालची डबी काढली आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच सगळ्यांदेखत मधोमध ठेवली.

"बिघडलं नाही, आई. काल माझी लाज राखायला गौरींनी घातलं होतं. त्या गेल्या, आता उद्यापासून तुम्ही घाला."