शून्य मिळवल्याने काय बिघडतं?

वायोमिंगच्या शिकार-परवान्यांच्या सोडतीचं गणित अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये एकाच माणसाला कळलंय, आणि तो माणूस मी! गावातल्या शुक्रवारच्या मासळीच्या पंगतीला हे मी दर आठवड्याला सांगत असे. लोक निमूट ऐकत. तोंडात मासा असताना उठून कुठे जाणार?

प्रॉन्गहॉर्नची, म्हणजे काळविटासारख्या त्या चपळ प्राण्याची, अडचण अशी की तो राहतो तिकडे आणि मी राहतो इकडे. परराज्यातल्या शिकाऱ्यांना परवाने मोजकेच, मागणारे ढीगभर. मग दर वर्षी एक पॉइंट विकत घ्यायचा आणि गप्प बसायचं. ज्याचे पॉइंट जास्त, त्याचा नंबर आधी. मी नऊ वर्षं थांबलो होतो.

"माझ्याशी लग्न करायला नऊ महिनेही धीर धरवला नव्हता तुला!" असं मार्लिस, म्हणजे माझी बायको, चारचौघांत म्हणायची.

यंदा मात्र नऊ पॉइंटांवर मला हवा तो शिकारीचा विभाग मिळणार होता. तिथले नर म्हणजे मुंडकं भिंतीवर लावलं तर छत उंच करावं लागेल असे! अर्ज भरायला बसलो, तेवढ्यात मार्लिस हळूच म्हणाली, "बाबांचा उजवा डोळा पुढच्या वर्षी नेम धरण्याइतका राहील का, डॉक्टर सांगू शकत नाहीत."

बाबा म्हणजे माझे सासरे, आर्विड. जन्मभर गाई पाळल्या. गाईंना सुट्टी नसते, म्हणून यांनाही नव्हती. तरुणपणी एकदा कालवडी पोचवायला वायोमिंगला गेले होते, तेव्हा ट्रकमधून एक प्रॉन्गहॉर्न पळताना दिसला. त्याची गोष्ट ते अजून सांगतात. 'मला ने' असं कधी म्हणाले नाहीत. मी नकाशे पसरले की शेजारी येऊन बसायचे आणि चष्मा पुसत राहायचे.

मला भरून आलं. म्हटलं, "बाबा, आपण एकाच गटात अर्ज करू. नंबर लागला तर दोघांना, नाहीतर कोणालाच नाही!"

"अरे, पण माझा एकही पॉइंट नाही."

"नवात शून्य मिळवलं तर किती?"

"नऊ."

"मग झालं तर!"

हे ऐकून माझा मेहुणा व्हर्न स्वयंपाकघरातून ओरडला, "भावोजी, मीही शून्यच आहे!"

"ते आम्हाला लग्नापासून माहीत आहे," मी म्हटलं. "पण ये! शून्य मिळवल्याने काय बिघडतं?"

अर्ज गेला. चार दिवस मी सगळ्यांच्या पाठीवर थापा मारत हिंडलो. पाचव्या दिवशी नाश्ता करता करता मार्लिस नियम वाचत होती.

"एल्डन, पॉइंटांची बेरीज नाही करत रे. सरासरी काढतात."

"कसली सरासरी?"

"नऊ भागिले तीन."

म्हणजे तीन! तीन पॉइंटांना त्या विभागात कुत्रं विचारत नाही. बरं, मुदत संपायला दोन दिवस होते, बदल करता येत होता. आधी व्हर्नला फोन लावला.

"व्हर्न, तू शून्य आहेस म्हणून नाही, पण..."

"पण काय? काही बिघडत नाही असं तूच म्हणालास ना!"

"बिघडतंय!"

"तीस वर्षांत पहिल्यांदा तू मला कशात तरी घेतलंस, भावोजी. पाच दिवस टिकलो!" त्याने फोन आपटला. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

आता उरले आम्ही दोघं. साडेचार पॉइंट.

"तुला एकट्याने अर्ज करायचा तर कर. मी काही म्हणणार नाही," मार्लिस म्हणाली. आमच्या घरात याच्याइतकं भयंकर वाक्य नाही.

खोटं कशाला बोलू? दिवसभर ते नऊ पॉइंट मला सासऱ्यांपेक्षा प्यारे वाटत होते. मग खिडकीतून पाहिलं तर बाबा अंगणात उभे. डावा डोळा मिटून, झाडूचा दांडा खांद्याला लावून, समोरच्या टपालपेटीवर नेम धरत होते. दांडा थोडा हलत होता.

मी उठलो आणि आमच्या अर्जातला विभागच बदलला. साडेचारात हमखास मिळेल असा निवडला. तिथले नर भिंतीवर काय, शेल्फवरही मावतील! पण दोघं जाऊ.

निकाल आला. माझा नंबर लागला! पण बाबांचं नावच नाही.

"मी फोन करून काढून घेतलं गटातून," बाबा लाजत म्हणाले. "माझ्या शून्यापायी तुझी नऊ वर्षं कशाला घालवू? आता मिळेल तुला तुझा तो मोठा नर."

"बाबा! मी विभाग बदलला! तुमच्यासाठी!"

"मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही मला विचारायचंत!"

मार्लिस हसत सुटली, आणि मग ओव्हनमधलं करपलं म्हणत आत गेली. काही करपलं नव्हतं. डोळे पुसत होती.

पुढे कळलं की मी इतका हमखास विभाग निवडला होता की तिथले परवाने उरले! उरलेले परवाने जो आधी मागेल त्याला. बाबांनी मागितला, व्हर्ननेही मागितला.

"किती पॉइंट लागले?" मी बाबांना दबकत विचारलं.

"पॉइंट? परवाना देणाऱ्या पोरीने फक्त जन्मतारीख विचारली आणि म्हणाली, अरे वा!"

माझे नऊ पॉइंट मात्र सोडतीत नंबर लागल्यामुळे खर्ची पडले.

शरद ऋतूत आम्ही तिघं निघालो. व्हर्न रस्ताभर पुढच्या सीटवर बसला, मी मागे, तंबूच्या काठ्यांबरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्न तंबूतच घोरत होता. मी आणि बाबा वाऱ्यात, कोरड्या झुडपांत पालथे पडलो होतो. समोर एक नर येऊन उभा राहिला, अगदी आडवा, फोटो काढायला थांबल्यासारखा. बाबांनी बंदूक टेकवली. बराच वेळ झाला.

"दिसत नाहीये का?" मी कुजबुजलो.

"दिसतोय की. चांगला दिसतोय."

"मग?"

"थांब ना जरा. बघू दे."

तेवढ्यात वारा फिरला. नराने मान वर केली आणि तो सुटला! त्याचं पांढरं बूड एका टेकडीवर दिसलं, मग पलीकडच्या टेकडीवर, मग नाहीच. बाबा बंदूक सोडून गुडघ्यांवर उठले होते, टोपी उडाली होती, आणि ते लहान पोरासारखे हसत होते.

"बघितलंस? बघितलंस कसा गेला तो?"

"बघितलं, बाबा," मी म्हटलं. आम्ही टोपी शोधायला निघालो, आणि मग कुठे मला आठवलं की परवाना माझ्याही खिशात होता.