नलूमावशींची तपासणी

रेल्वेच्या डब्यात कुणाचे डोळे मिटलेले दिसले, की नलूमावशी त्याच्या नाकासमोर उलटा हात धरायच्या. चोरून नाही हो, चांगल्या निवांतपणे! एकदा मीच डुलकी काढत होतो. डोळे उघडतो तर समोर मावशींची बोटं. माझाच जीव गेला असता.

दोन हजार सहा साल. मी परदेशात, हूफडॉर्प नावाच्या गावी, मावशी शेजारच्या घरात. रेल्वे चालवायची कंपनीनं आणि ती नीट चालवते का हे बघायचं सरकारनं, असा इथला कारभार. त्या पाहणीसाठी मावशी गाडीतून हिंडायच्या. डबा स्वच्छ आहे? सुरक्षित वाटतं? दहापैकी गुण द्या. "सरकार सासू, कंपनी सून आणि मी चहाडखोर नणंद," म्हणायच्या.

पण विचारायचं जाग्या माणसांना! झोपलेल्यांच्या तक्रारी गेल्या. "आणखी एक तक्रार आली की घरी बसा," असं साहेबानं बजावलं. मावशींचे यजमान, म्हणजे काका, मी इथे येण्याआधीच गेलेले. मावशींचं पोट त्या नोकरीवरच. मी कानीकपाळी ओरडलो. मावशी ढिम्म.

नोव्हेंबरातली सकाळ. धुकं असं, की स्टेशन आलेलं दिसायचंच नाही. दारं उघडायची, कुणी चढायचं नाही, दारं मिटायची. डब्यात आम्ही दोघं आणि खिडकीशी एक माणूस. गळपट्टा नाकापर्यंत, मान कलंडलेली. गाडी वळली की मान हलायची, एरवी नाही.

मावशी उठल्या. मी मनगट धरलं. "मावशी, नोकरी जाईल. झोपू द्या ना त्याला!"

"तुझे काकाही असेच झोपलेले दिसत होते," त्या म्हणाल्या. "सकाळी ऑफिसला निघाले, ते संध्याकाळपर्यंत गाडीतच जात-येत राहिले. माणसं समोर बसली, उतरली. झोपमोड नको म्हणून कुणी हात लावला नाही रे. शेवटी डबा झाडणाऱ्यानं हलवलं, तेव्हा कळलं. आणि गाडी दिवसभर वेळेवर! अहवालात कुठे काही चुकलेलं नाही."

मी मनगट सोडलं.

त्यांनी गळपट्टा अलगद खाली केला, नाकासमोर हात धरला. मावशी हलेनात, तोही हलेना.

एकदम तो दचकून उठला आणि असा बरसला म्हणून सांगू! पोलिसांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना कळवतो म्हणाला. मावशींच्या ओळखपत्रावरचं नाव टिपलं आणि पाय आपटत पुढच्या स्टेशनात उतरून गेला.

"झालं! गेली नोकरी," मी कपाळाला हात लावला.

मावशी त्याच्याच जागेवर बसल्या. डोळे भरलेले, चेहरा मात्र लख्ख.

"काय ओरडला रे," त्या म्हणाल्या. "छान, खणखणीत ओरडला."