रानातली शांतता, भाड्याने

"अगं, लोक जिच्यासाठी तडफडतात ना, ती वस्तू आपल्या दारात नुसती पडून सडतेय!" नानांनी एका सकाळी जाहीर केलं.

बायको पायरीवर बसून चहा पीत होती. "कुठली?"

"शांतता!"

आणि हे त्यांनी इतक्या जोरात सांगितलं की बांबूच्या बेटातले सगळे पारवे उडून गेले.

नाना पुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. बायको मोठ्या इस्पितळात नर्स होती. जग तिला सिस्टर म्हणायचं, आणि जगाबरोबर नानाही. उभा जन्म खाटांशेजारच्या घंटा आणि 'सिस्टर, पाणी', 'सिस्टर, दुखतंय' ऐकण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर सगळी पुंजी ओतून तिनं टेकडीच्या कुशीतला हा रानाचा तुकडा घेतला. बांबूचं बेट, काही जुनी उंच झाडं आणि त्यांच्या सावलीत दोन खोल्यांचं घर. तिची एकच अट होती : "इथे मला कुणी हाक मारायची नाही." नानांनी ती आनंदानं मान्य केली होती. अटी मान्य करण्यात नानांचा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

"वरकमाई होईल!" नाना म्हणाले. "शहरातले लोक येतील, झाडाखाली गप्प बसतील, जातील. आपल्याला काय कष्ट?"

जावयाकडून त्यांनी इंटरनेटवर जाहिरात टाकून घेतली. सोबत खिडकीतून झाडं दिसणाऱ्या खोलीचा झकास फोटो.

"ही तर माझी खोली," बायको म्हणाली.

"फक्त शनिवार-रविवार! तू स्वयंपाकघरात पथारी टाक. नाहीतरी तू तिथेच असतेस."

"आणि त्यांचं जेवणखाण?"

"आपल्या दोघांचं करतेसच की! त्यात चार मुठी वाढव."

"मदतीला कोण?"

"म्हणजे? मी आहे ना! देखरेखीला."

पाहुण्यांनी हाका मारून शांतता बिघडवू नये, म्हणून नानांनी बाजारातून एक पितळी घंटा आणली आणि स्वयंपाकघरात टांगली. दोरी पाहुण्यांच्या पलंगापर्यंत. बायको बराच वेळ त्या घंटेकडे पाहत राहिली. नानांना वाटलं, आवडली!

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक वकील आणि त्यांच्या पत्नी. शनिवार झकास गेला. घंटा पाण्यासाठी वाजली, उशीसाठी वाजली, आणि एकदा तर घंटा चालते की नाही हे बघायला वाजली. रविवारी सकाळी वकीलसाहेब लाल डोळ्यांनी बाहेर आले.

"तुमच्याकडे सुतारकाम चालू आहे का हो?"

"सुतारपक्षी आहे तो," नाना म्हणाले.

"मग त्याला थांबवा! जाहिरातीत शांतता म्हटलंय. उद्या मी ग्राहक मंचात गेलो तर?"

झालं! नानांनी तेलाचा रिकामा डबा घेतला, लाटणं घेतलं आणि झाडाखाली उभं राहून ठणाठणा बडवायला सुरुवात केली. सुतारपक्ष्यानं वरून एकदा पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. नाना बडवतायत, पक्षी ठोकतोय, वकीलसाहेब ओरडतायत, वकिलीणबाई घंटा ओढतायत! ही जुगलबंदी वकिलांची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हाच थांबली.

जाहिरातीखाली वकीलसाहेबांनी अभिप्राय लिहिला : 'झाडी उत्तम. मालक पहाटे झाडाखाली डबा बडवतात.'

"संपलं एकदाचं," बायको म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. तिनं आपली उशी उचलून खोलीत नेलीसुद्धा.

पण दैव नानांच्या बाजूनं होतं, म्हणजे बायकोच्या विरुद्ध. त्याच संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून एक बाई मधाळ आवाजात म्हणाल्या, "अभिप्राय वाचला. तुम्ही झाडाखाली ध्वनिउपचार करता ना? आम्ही शोधातच होतो!"

नानांना ध्वनिउपचार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण गिऱ्हाईक म्हणजे काय ते आता चांगलंच ठाऊक झालं होतं.

"करतो की! वर्षानुवर्षं!"

बाई 'मनमोकळं शिबिर' चालवायच्या. पुढच्या शनिवारी त्या मिनीबसभर माणसं घेऊन उतरल्या. बँकेतले, शाळेतले, दुकानदार, एक दातांचे डॉक्टर. सगळे सभ्य आणि सगळ्यांच्या जबड्यात वर्षानुवर्षांचा राग अडकलेला. माणसं घरात मावेनात, तेव्हा स्वयंपाकघरही गेलं. बायकोची पथारी अवजारांच्या खोपटात गेली, फावडं आणि घमेल्यांच्या मधे.

"एक दिवस सोस," नाना म्हणाले.

"तो सोसतेच आहे," ती म्हणाली, "रोज."

नानांनी ऐकलं नाही. ते डबा शोधत होते.

शिबिराची पद्धत सोपी होती. प्रत्येकानं एक झाड निवडायचं आणि आजवर जे गिळलं ते त्याच्या तोंडावर ओरडायचं. नानांनी डबा बडवताच रान पेटलं! "माझी बढती खाल्लीस, चोरा!" "तुझी आई इथून कधी जाणार?" "तोंड उघडा! अजून उघडा!" हे शेवटचं डॉक्टरांचं. खालच्या वस्तीतून दोघेजण काठ्या घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, खून पडतोय. बाईंनी त्यांनाही एकेक झाड दिलं. जाताना दोघं म्हणाले, पुढच्या वेळी घरच्यांनाही आणतो!

एवढ्यात सिस्टर भाताचं पातेलं उचलून नेताना दिसली.

"काकू, तुम्हीही या ना!" बाई म्हणाल्या.

"मला कामं आहेत."

"जा, जा! पाहुण्यांचं मन मोडू नये," नाना म्हणाले.

तिनं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि सगळ्यांत जुन्या झाडासमोर जाऊन उभी राहिली. ओरडली नाही. रोग्याच्या नातेवाइकाला वाईट बातमी सांगावी, तशा आवाजात बोलली.

"मी दमलेय. हे रान मी घेतलं. स्वतःच्या पैशांनी. मला फक्त एका जागी बसायचं होतं, कुणी न बोलावता. या माणसाला मी ते सांगितलं होतं. त्याला ऐकू आलं होतं. तरी त्यानं घंटा आणली."

डॉक्टर रुमालानं डोळे टिपू लागले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या कुणाच्या? नानांच्या!

"काय बोललीस गं!" मिनीबस गेल्यावर ते आनंदानं फुलून गेले होते. "लोक रडले! तू हे दर रविवारी करायचं. जाहिरातीत टाकतो, अनुभवी सिस्टरचं मार्गदर्शन!"

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. इस्पितळात काही रोग्यांकडे पाहून ती चादर नीट करायची आणि पुढच्या खाटेकडे जायची, तसं पाहिलं. मग पिशवी भरली आणि संध्याकाळच्या बसनं मुलीकडे निघून गेली.

"येईल दोन दिवसांत," नाना झाडांना म्हणाले.

ती आली नाही. एकट्याला जेवण आणि अंथरुणं जमेनात, म्हणून आलेली गिऱ्हाइकं परत गेली. जाहिरात जावयानं न विचारताच काढून टाकली. रान अगदी जाहिरातीसारखं झालं, शांत.

शेवटी नानांनी मुलीला फोन केला. पलीकडे हॉर्न, इंजिनं आणि भोंग्यावरून बसची नावं पुकारणारा कुणीतरी, असा कल्लोळ चालला होता.

"आई कुठेय?"

"झोपलीय."

"या गोंगाटात? तुझं घर बसस्टँडसमोर! तिला तर टाचणी पडली तरी जाग येते!"

"मीही तेच विचारलं," मुलगी म्हणाली. "तर म्हणाली, इथला एकही आवाज माझ्यासाठी नसतो गं."

काहीतरी बोलायला हवं, काहीतरी मोठं, आजवर न बोललेलं, असं नानांना आतून वाटलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"उठवू का तिला?" मुलीचा आवाज थोडा मऊ झाला.

"नको, झोपू दे," नाना म्हणाले. "जागी झाली की फक्त एवढं विचार, साखरेचा डबा कुठे ठेवलाय?"

पलीकडून फोन ठेवला गेला. नाना चहा बिनसाखरेचाच प्यायले.