प्रत्येक फोटोत छत्रीवाला

मुलांनो, डोळे मिटा पाहू. मिटलेत? अरे, मग वाचणार कशाने? उघडा! उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. वाचनालयाचं लांबलचक दालन आहे. भिंतींवर शहराचे जुने फोटो टांगलेत. त्यात रिकामे रस्ते आहेत, घोडागाड्या आहेत, शहराबाहेरचे ऐटबाज बंगले आहेत. आणि दालनाच्या मधोमध, भिंगावर फुंकर घालत उभे आहेत गुप्तहेर भिंगराव.

"मी म्हणजे चालताबोलता संशय!" ते म्हणाले. "माझी नजर भिंतीच्या पलीकडे पोहोचते."

एवढं बोलून ते खांबावर आदळले. भिंतीच्या अलीकडचं त्यांना जरा कमी दिसतं.

मी त्यांचा मदतनीस. जन्मभर शाळेत शिकवलं, म्हणून धीर शिल्लक आहे.

आम्हाला बोलावलं होतं ग्रंथपालबाईंनी. त्या म्हणाल्या, "सगळ्या फोटोंत हा एकच माणूस आहे. तीच टोपी, त्याच मिशा, तीच मिटलेली छत्री. घरी यांचा फोटो आहे, म्हणून ओळखलं. हे माझे पणजोबा! काय काम करायचे, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. सकाळी छत्री घेऊन निघायचे, बस्स. आता पाचला प्रदर्शन उघडेल, माझी आई येईल, आणि पहिल्यांदा हेच विचारेल."

भिंगरावांनी भिंग फोटोला भिडवलं. "भूत!"

"भुताला सावली नसते. याची पडलीय," मी म्हणालो.

"मग जुळे. प्रत्येक रस्त्यावर एकेक."

"एवढे जुळे?"

"जुळ्यांचे जुळे! आणि हे बघा, ऊन लख्ख आहे, तरी छत्री मिटलेली. म्हणजे छत्रीत हत्यार."

"किंवा छत्रीत छत्री."

माझ्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. सवय आहे दोघांनाही. मग ते बंगल्यांच्या फोटोंपाशी गेले आणि एकदम ताठ झाले. "प्रत्येक बंगल्याच्या दाराशीच कसा उभा? बाई, मन घट्ट करा. तुमचे पणजोबा दरोडेखोर होते. दिवसा बंगले हेरायचे!"

"फोटो काढून घेत?" मी विचारलं.

"हौशी दरोडेखोर!" असं म्हणून त्यांनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहूनही टाकलं: 'सराईत दरोडेखोर, छत्रीसह.'

बाईंचा चेहरा पडला. त्या स्टुलावर बसल्या. "हे मी आईला वाचायला लावू?"

तेवढ्यात माझ्याबरोबर आलेली माझी नात गोटी फोटोला नाक लावून म्हणाली, "आजोबा, हा चोर नाहीये. हा कंटाळलाय."

"कशावरून?" भिंगराव गुरगुरले.

"माझं तोंड अस्संच होतं. बाबा कपाटं बनवतात ना, विकायला फोटो काढताना मला शेजारी उभं करतात. नाहीतर कपाट केवढं आहे ते कळतच नाही. हलायचं नाही, हसायचं नाही. एकदा तर नाकावर माशी बसली तरी उभी होते!"

मी अंगठ्यानं छत्रीवाला झाकला. बंगला एकदम काडेपेटीएवढा झाला. अंगठा काढला, आणि दार दोन माणसांएवढं उंच झालं. खांब तर पार आभाळाला भिडले. तुम्हीही घरी करून बघा, कुठल्याही फोटोवर.

"बाई," मी म्हणालो, "हे फोटोवाल्याबरोबर जायचे. शहर केवढं आहे ते दाखवायला उभे राहायचे. हीच त्यांची नोकरी."

"आणि छत्री?" बाईंनी अडखळत विचारलं.

"टेकायला!" गोटी म्हणाली. "उभं राहून पाय दुखतात हो, मावशी."

बाई हसल्या, डोळे पुसले, आणि तो पुठ्ठा टराटरा फाडला. "आईला सांगते, अख्खं शहर तुझ्या आजोबांच्या मापानं काढलंय!"

भिंगरावांनी घसा खाकरला. "मला पहिल्यापासून हाच संशय होता. आता माझा एक फोटो होऊन जाऊ द्या. भव्य आला पाहिजे!"

गोटीनं काय केलं असेल? कोपऱ्यातली छत्री आणली, भिंगरावांच्या हातात दिली, त्यांना ओढत दालनाच्या उंच दाराशेजारी नेऊन उभं केलं, आणि मागे सरकत एक डोळा मिटून म्हणाली, "हलू नका हं काका. हसूही नका. दार मस्त येतंय!"